झेरॉक्सच्या दुकानातली हवा: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

कलेक्टर कचेरीसमोर, कोर्टाच्या आवारात, कॉलेजच्या गेटबाहेर झेरॉक्सची जी दुकानं असतात, ती बहुतेक दहा बाय बाराच्या आतबाहेरचीच. तेवढ्या जागेत दोन मोठी मशीन, एक कलर प्रिंटर, लॅमिनेशन, स्पायरल बायंडिंग, कॉम्प्युटर, कागदाची रिमं आणि सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत तिथेच असणारी दोन माणसं. उन्हाळा सोसवत नाही म्हणून आता पुढे काचेचं दार लागलंय आणि वर स्प्लिट एसी. हा लेख मुख्यतः त्या दोन माणसांसाठी आहे. छोट्या ऑफिसात ज्याच्या खुर्चीशेजारी प्रिंटर आणून ठेवलाय, त्यालाही यातलं बरंच लागू पडेल.

या धंद्यात नवीन आलेला माणूस दोन प्रकारचे सल्ले ऐकतो. एक म्हणतो, "टोनरने कॅन्सर होतो, सांभाळ." दुसरा म्हणतो, "मी पंधरा वर्षं करतोय, मला काय झालं?" दोघांचंही ऐकून सोडून द्या. यात खरा कळीचा मुद्दा मशीनपेक्षा खोलीचा आहे: मशीनमधून जे बाहेर पडतं ते दुकानाबाहेर जातं की तिथेच फिरत राहतं. त्यामुळे पुढच्या पायऱ्यांत खर्चाचा क्रमही तसाच ठेवलाय. आधी जागा, मग हवा, मग सवयी, आणि सगळ्यात शेवटी विकतची उपकरणं.

आधी मशीनमधून काय बाहेर पडतं ते समजून घ्या

चेस्टर कार्लसन या अमेरिकन माणसाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अॅस्टोरियात पहिली कोरडी प्रत काढली. तत्त्व आजही तेच आहे. ड्रमवर विजेचा भार चढवायचा, प्रकाशाने अक्षरांचा आकार उमटवायचा, त्यावर काळी पूड चिकटवायची, ती कागदावर घ्यायची आणि उष्णतेने वितळवून पक्की करायची. या प्रत्येक टप्प्यावर काही ना काही हवेत जातं.

टोनर पावडर म्हणजे नुसती काजळी नव्हे. तिचा मोठा भाग प्लास्टिकच असतो, स्टायरीन-अॅक्रिलेट किंवा पॉलिएस्टर. त्यात काळेपणासाठी कार्बन ब्लॅक, थोडं मेण, सिलिका, काही प्रकारांत लोहाची संयुगं. एक कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान. नाकातून काळा शेंबूड येतो तो यामुळे. दिसायला भीतीदायक, पण एवढ्या आकाराचे बरेचसे कण नाक आणि घशातच अडतात.

खरं लक्ष द्यायचं ते न दिसणाऱ्या कणांकडे. फ्यूजर, ज्याला आपण हीटर म्हणतो, तो १८० ते २०० अंशांच्या आसपास तापतो. त्या उष्णतेने कागदातली आणि टोनरमधली उडून जाणारी रसायनं वाफ होतात आणि थंड हवेत आल्यावर पुन्हा गोठून ०.१ मायक्रॉनपेक्षाही बारीक कण बनतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत लिडिया मोराव्स्का यांच्या गटाने २००७ साली ऑफिसमधले ६२ प्रिंटर तपासले, तेव्हा त्यातले १७ भरपूर कण सोडणारे निघाले. बरेचसे प्रिंटर जवळजवळ काहीच सोडत नव्हते, आणि हेही तितकंच महत्त्वाचं. पुढे २००९ मध्ये त्याच गटाने दाखवलं की हे अतिसूक्ष्म कण बहुतांशी टोनरची पूड नसून वाफेतून तयार झालेले असतात. म्हणून "माझ्या मशीनमधून पावडर सांडत नाही" एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

तिसरी गोष्ट ओझोन. पाऊस येण्याआधी वीज कडाडल्यावर येतो तसा तिखट, धातूसारखा वास. जुन्या मशीनमध्ये ड्रमवर भार चढवायला उच्च दाबाची बारीक तार असते, तिला कोरोना वायर म्हणतात. तिच्याभोवती हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो. अलीकडच्या बहुतेक लहान-मध्यम मशीनमध्ये तारेऐवजी चार्ज रोलर असतो आणि ओझोन खूपच कमी होतो. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी कामाच्या जागी ओझोनची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग अशी आहे. माणसाच्या नाकाला वास त्याच्या कितीतरी आधी येतो. अडचण अशी की नाक थोड्या वेळात सरावतं आणि वास येईनासा होतो. त्यामुळे वासाची पारख सकाळी शटर उघडून तासाभराने नव्हे, तर जेवून बाहेरून परत येताना पहिल्या श्वासाला करायची. किंवा चहावाल्या पोऱ्याला विचारायचं.

आता कॅन्सरबद्दल. ही भीती हवेतून आलेली नाही. १९८० च्या सुमारास काही टोनरच्या कार्बन ब्लॅकमध्ये नायट्रोपायरीन नावाची जनुकांत बदल घडवू शकणारी अशुद्धी सापडली होती. त्यानंतर उत्पादकांनी कार्बन ब्लॅक बनवण्याची पद्धत बदलली. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था कार्बन ब्लॅकला '२ ब' गटात ठेवते, म्हणजे माणसात कर्करोग होण्याची शक्यता आहे, पण पुरावा अपुरा. तो पुरावा मुख्यतः उंदरांना भरपूर मोकळी पूड हुंगवून मिळालेला आहे. टोनरमध्ये ती प्लास्टिकमध्ये बांधलेली असते. जपानमध्ये टोनर बनवणाऱ्या आणि हाताळणाऱ्या कामगारांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, त्यात फुप्फुसांचा मोठा आजार वाढलेला दिसला नाही. जर्मनीच्या सरकारी जोखीम मूल्यांकन संस्थेनेही २००८ साली असंच म्हटलं: त्रास होऊ शकतो हे नाकारता येत नाही, पण गंभीर नुकसानीचं प्रमाण कमी दिसतं.

आपल्या दुकानांना जास्त लागू पडणारा अभ्यास २०१३ चा, दक्षिण भारतातल्या झेरॉक्स चालकांवरचा आहे. तिथे चालकांची फुप्फुसाची क्षमता इतरांसारखीच निघाली, पण रक्तात दाह आणि ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींवर पडणारा रासायनिक ताण) दाखवणारे घटक वाढलेले होते. अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांना कॉपी सेंटरमध्ये काही तास बसवून त्यांच्या नाकाचं पाणी तपासलं, तेव्हाही नाकाच्या अस्तरात दाह दिसला. हे सगळं एकत्र वाचलं तर चित्र असं: घसा खवखवणं, डोळे चुरचुरणं, सर्दीसारखं नाक, डोकं जड होणं, कोरडा खोकला, हे खरे त्रास आहेत. ज्याला आधीच दमा किंवा अॅलर्जी आहे त्याने जास्त सावध राहावं. बाकीच्यांनी झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

पायरी १: मशीन कुठे ठेवायचं

दुकान लावतानाच हे ठरवा, नंतर फर्निचर हलत नाही.

मशीन चालू करून वीस-पंचवीस प्रती काढा आणि हाताने चाचपून बघा, गरम हवा कुठून बाहेर येते. काही मशीनमध्ये मागून, काहींत डाव्या बाजूने. ती जाळी सापडली की दोन गोष्टी पाळायच्या: ती जाळी भिंतीला चिकटवायची नाही, आणि तिच्या समोर माणसाचं स्टूल ठेवायचं नाही. भिंतीपासून किती अंतर ठेवायचं ते मॅन्युअलमध्ये आकृतीसह दिलेलं असतं. मी पाहिलेल्या बहुतेक दुकानांत ही जागा कागदाच्या रिमांनी भरलेली असते. मग मशीन तापतं, हीटरचा त्रास सुरू होतो, आणि सर्व्हिसवाल्याचं बिल येतं ते वेगळंच.

मशीन कोपऱ्यात आणि माणूस कोपऱ्याच्या आत, ही रचना सगळ्यात वाईट. माणूस दाराकडे, मशीन त्याच्या पलीकडे, आणि मशीनच्याही पलीकडे हवा बाहेर जायचा मार्ग असायला हवा. म्हणजे ताजी हवा आधी माणसाच्या तोंडावरून जाईल आणि मग मशीनवरून बाहेर.

ऑफिसवाल्यांना एकच सांगणं: सामायिक प्रिंटर पॅसेजमध्ये किंवा खिडकीशेजारच्या मोकळ्या जागी न्या. शंभर पावलं चालायला लागली तर पाठीचंही भलं होईल. नव्या मुलाच्या किंवा रिसेप्शनवरच्या मुलीच्या खुर्चीमागे प्रिंटर ठेवायची एक रीत पडलीय, ती मोडा.

पायरी २: हवा बाहेर काढा

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत सोडतो. बाहेर लटकलेला डबा फक्त उष्णता टाकतो. म्हणजे काचेचं दार लावून एसी चालू केला की सकाळी नऊला बाहेर पडलेलं दुपारी दोनपर्यंत तुमच्यासोबतच असतं. एसीची जाळी धुतली तर मोठी धूळ अडते. ओझोन आणि अतिसूक्ष्म कणांना ती जाळी काही करत नाही.

उपाय साधा आहे: एक्झॉस्ट फॅन. पण तो किती मोठा हवा ते मोजून घ्या. दुकान १० फूट बाय १२ फूट आणि उंची १० फूट असेल तर १२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. ती तासाला सहा वेळा बदलावी असं धरलं तर तासाला सुमारे २०० घनमीटर हवा बाहेर टाकणारा पंखा लागेल. हा आकडा पंख्याच्या खोक्यावर छापलेला असतो. लांब पाइप, वाकणं आणि धुळीने भरलेली जाळी यांत त्यातला बराच वाटा जातो, म्हणून थोडा मोठाच घ्या. आवाजाचा विचारही करा. कर्कश पंखा असला की दोन दिवसांत कोणीतरी तो बंद करतंच.

पंखा मशीनच्या गरम हवेच्या जाळीजवळ, शक्य तितका वर. आणि आत येणाऱ्या हवेला वाट पंख्याच्या समोरच्या बाजूने, म्हणजे बहुतेक वेळा दाराच्या खालच्या फटीतून किंवा दारावरच्या जाळीच्या झरोक्यातून. ही वाट नसेल तर पंखा नुसता घुमतो. तपासायचं तर टिश्यू पेपरची पट्टी दाराच्या फटीशी धरा; आतल्या बाजूला ओढली गेली तर काम चालू आहे. एसीची थंड हवा थोडी वाया जाईल, बिल थोडं वाढेल. तो खर्च दुकानाच्या भाड्यासारखाच धरून चालायचा.

पंखा कुठे तोंड करून सोडायचा हेही बघा. शेजारच्या वडापावच्या गाडीवर किंवा वरच्या मजल्याच्या खिडकीत सोडलात तर महिन्याभरात भांडण ठरलेलं.

दुकान भर रस्त्यावर असेल तर प्रश्न उलटा होतो. बाहेरच्या सिग्नलवर रिक्षा-टेम्पो थांबत असतील तर दार उघडं ठेवून तुम्ही डिझेलचा धूर आत घेता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मानकात बाहेरच्या हवेतल्या पीएम २.५ ची (२.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांची) २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची. हिवाळ्यात आपल्या मोठ्या शहरांच्या रहदारीच्या चौकात हे दोन्ही आकडे सहज ओलांडले जातात. अशा वेळी हवा मागच्या बोळातून किंवा आतल्या चौकातून घेता येते का पाहा. तसं जमत नसेल तरच शुद्धीकरण यंत्राचा विचार, तो पुढे येतोच.

पायरी ३: रोजच्या सवयी

दुकान उघडल्यावर देवाला अगरबत्ती लावायची पद्धत आहे आणि ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण बंद दहा बाय बारात एक अगरबत्ती बारीक कणांच्या बाबतीत प्रिंटरला सहज मागे टाकते. ती दाराबाहेर किंवा उंबऱ्यावर लावा, विझली की दार लावा. धूप, कापूर आणि मच्छर कॉइलही याच हिशेबात.

लिंबाच्या वासाचं फरशी पुसायचं लिक्विड आणि रूम फ्रेशनर यांचीही एक गंमत आहे. त्यांच्यातले सुगंधी घटक ओझोनशी भिडले की फॉर्माल्डिहाइड आणि आणखी बारीक कण तयार होतात. ज्या दुकानात मशीनचा वास मारायला फ्रेशनर फवारतात, तिथे वास जातो आणि हवा आणखी बिघडते. फरशी साध्या ओल्या फडक्याने पुसा. झाडू नका, कागदाची भुकटी आणि सांडलेला टोनर दोन्ही वर उडतात.

मशीन थंड असताना चालू केल्यावर पहिल्या काही प्रतींत जास्त कण सुटतात. म्हणून सकाळी स्विच दाबून लगेच त्यावर वाकून उभं राहू नका. तेवढ्या वेळात कॉम्प्युटर लावा, रिमं फोडा. मोठा गठ्ठा असेल, समजा दाखल्यांच्या हंगामात कोणी पाचशे पानांची फाइल आणली, तर काम लावून दोन पावलं बाजूला व्हा. झाकण लावूनच स्कॅन करा. प्रखर प्रकाशाने दृष्टी जात नाही, पण दिवसभर डोळ्यांवर झळ बसली की संध्याकाळी डोकं दुखतं.

पावसाळ्यात कागद दमट होतो. हीटरमधून निघताना त्यातून दिसणारी वाफ ही नुसती पाण्याची असते, तिला घाबरू नका. पण दमट कागदाने जाम वाढतात, जाम काढताना मशीन उघडावं लागतं आणि तेव्हा टोनर हाताला-नाकाला लागतो. उघडलेलं रिम प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, जमिनीवर नको. भिंतीला ओल आली असेल तर आधी ती बघा. बुरशीने होणारा त्रास टोनरच्या नावावर खपतो.

लॅमिनेशन करताना पाऊच जास्त तापलं की प्लास्टिकचा वास सुटतो. तापमान पाऊचच्या जाडीप्रमाणे लावा आणि लॅमिनेशनचं मशीन एक्झॉस्टच्या बाजूला ठेवा. फ्लेक्स छपाईची सॉल्व्हंट शाई हा मात्र पूर्ण वेगळा विषय आहे. ते मशीन झेरॉक्सच्या खोलीत आणूच नका.

पायरी ४: टोनर भरणं, सांडणं आणि सर्व्हिस

दिवसभरातल्या प्रतींपेक्षा महिन्यातली दहा मिनिटं जास्त जड पडतात, ती ही.

टोनर भरताना गिऱ्हाईक नको, पंखा बंद (छताचा, एक्झॉस्ट चालूच ठेवा), खाली जुना पेपर पसरलेला. बाटली हळू ओता, ठोकू नका. हातमोजे साधे नायट्राइलचे चालतात. चेहऱ्याला एन-९५ किंवा आयएस ९४७३ प्रमाणे एफएफपी-२ मास्क. कापडी किंवा निळा सर्जिकल मास्क कडेने हवा घेतो, त्याचा इथे उपयोग थोडाच. दाढी वाढलेली असेल तर चांगला मास्कही नीट बसत नाही, हे लक्षात ठेवा.

सांडला तर थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने किंवा टिश्यूने टिपून घ्या. गरम पाणी नको, टोनर प्लास्टिक आहे, उष्णतेने चिकटून बसतो. हातही थंड पाण्याने आणि साबणाने धुवा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. बारीक पूड त्याच्या पिशवीतून आरपार जाऊन मागून खोलीभर पसरते, शिवाय मोटरच्या ठिणगीने बारीक पूड पेट घेऊ शकते. कपड्यांवर पडला तर आधी बाहेर जाऊन झटका, मग धुवा.

आता सर्व्हिसवाल्याबद्दल. तो येतो, बाजूचं कव्हर काढतो, ब्लोअर लावतो आणि दोन मिनिटांत दुकानात काळा ढग. हे बंद करा. शक्य असेल तर ड्रम युनिट आणि डेव्हलपर युनिट काढून बाहेर मोकळ्या जागी साफ करायला सांगा. टोनरसाठीचा खास व्हॅक्यूम काही सर्व्हिसवाल्यांकडे असतो. तो आणणाऱ्याला शंभर-दोनशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही. नाहीच जमलं तर दुकान बंद होताना काम काढा, सगळे बाहेर जा आणि एक्झॉस्ट अर्धा तास चालू ठेवून मगच परत या. सर्व्हिसवाल्यालाही मास्क द्या. तो दिवसातून पाच दुकानांत हेच करतो. या धंद्यात सगळ्यात जास्त पूड त्याच्याच छातीत जाते.

सर्व्हिसच्या वेळी दोन प्रश्न विचारा. पहिला: या मशीनमध्ये कोरोना वायर आहे की चार्ज रोलर? दुसरा: ओझोन फिल्टर आहे का, आणि तो शेवटचा कधी बदलला? कोरोना वायरच्या जुन्या मोठ्या मशीनमध्ये सक्रिय कोळशाचा छोटा फिल्टर असतो. सेकंड हँड मशीन विकताना तो बऱ्याचदा कधीच न बदललेला किंवा काढूनच टाकलेला असतो.

कंपनीचा टोनर महाग, सुटी पावडर स्वस्त. धंद्याचं गणित मला कळतं, म्हणून सुटी वापरूच नका असं म्हणत नाही. पण पावडर मशीनला जुळली नाही तर ती नीट वितळत नाही, बोटाने पुसली जाते, आत उडते आणि वेस्ट टोनरचा, म्हणजे कागदावर न गेलेल्या उरलेल्या पुडीचा, डबा लवकर भरतो. मशीनच्या आत काळी धूळ जमायला लागली तर स्वस्ताई तिथेच संपली. नावाजलेल्या कंपन्यांच्या टोनरचं सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्यात काय आहे आणि काय काळजी घ्यायची याचं पत्रक, त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. ज्या पावडरच्या पिशवीवर बनवणाऱ्याचं नावच नाही, तिच्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वेस्ट टोनर परत भरून वापरायचा उद्योग करू नका, त्यात कागदाची भुकटी मिसळलेली असते. तो पिशवीत घट्ट बांधा. जाळू नका, कचऱ्याच्या शेकोटीत तर अजिबात नको, भडका उडतो. रिकामी कार्टरिज ई-कचऱ्यात मोडतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे. भंगारवाल्याला देण्याआधी कंपनीच्या डीलरला विचारा.

पायरी ५: मग उपकरणं

कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर उपयोगी आहे. तो मशीनबद्दल काही सांगत नाही, पण माणसांच्या श्वासावरून हवा बदलतेय की नाही ते दाखवतो. बाहेर मोकळ्यावर तो दहा लाखात ४२० ते ४५० भागांच्या आसपास दाखवायला हवा. दुकानात गर्दीच्या वेळी सतत १००० च्या वर राहत असेल तर एक्झॉस्ट पुरत नाही. घेताना 'एनडीआयआर' सेन्सर आहे का ते बघा. अगदी स्वस्तातले मीटर वेगळेच वायू मोजून अंदाजाने आकडा दाखवतात.

पीएम २.५ चा स्वस्त मीटर मात्र फसवू शकतो. त्यातला लेसर ०.३ मायक्रॉनहून बारीक कण पाहू शकत नाही आणि प्रिंटरचे बहुतेक कण त्याहून बारीक. आकडा हिरवा दिसतो म्हणून हवा चांगली असं समजू नका. अगरबत्ती आणि रस्त्याचा धूर पकडायला तो ठीक आहे.

एअर प्युरिफायर घ्यायचाच झाला तर खरा हेपा फिल्टर आणि त्यासोबत सक्रिय कोळशाचा जाड थर असलेला घ्या. हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण ओझोन आणि वासाच्या वायूंना कोळसाच लागतो. तासाला किती घनमीटर हवा शुद्ध करतो हा आकडा खोलीशी जुळवा. वरच्या उदाहरणातल्या दुकानाला किमान १७० चा हवा. 'आयोनायझर' किंवा 'अॅक्टिव्ह ऑक्सिजन' असं लिहिलेलं यंत्र घेऊ नका. त्यातली काही स्वतःच ओझोन तयार करतात, म्हणजे पैसे देऊन दुसरं झेरॉक्स मशीन आणल्यासारखं.

नवीन मशीन घेताना जर्मनीचं 'ब्लू एंजेल' चिन्ह असलेलं मॉडेल मिळालं तर चांगलं. १९७८ पासून चालू असलेल्या या चिन्हासाठी प्रिंटरच्या उत्सर्जनाची तपासणी होते आणि त्यात अतिसूक्ष्म कणांचीही मर्यादा आहे. छोट्या ऑफिसला दिवसाला चाळीस-पन्नास पानंच लागत असतील तर इंक टँकचा प्रिंटर घ्या. त्यात हीटर म्हणजे फ्यूजर नसतो, ओझोन नाही, पूड नाही. कोर्टाची कागदपत्रं पाण्याने पसरायला नकोत, तेवढी शाई पिगमेंटची आहे का ते विचारून घ्या.

कामगार असाल तर

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मालकाने स्वच्छता, प्रकाश आणि वायुवीजन यांची काळजी घ्यावी असं आहे. पण त्यातल्या बहुतेक तरतुदी ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं कामाला असतील तिथेच लागू होतात, आणि झेरॉक्सच्या दुकानात दोनच असतात. त्यामुळे कायद्याच्या धाकापेक्षा हिशेबाची भाषा चालते. मालकाला सांगा, "शेठ, मशीन तापतंय, मागे हवा नाही, हीटर जाईल." एक्झॉस्ट लवकर बसतो.

गरोदर बाईने टोनर भरणं, वेस्ट डबा काढणं आणि सर्व्हिसच्या वेळी आत थांबणं टाळावं. काउंटर, टायपिंग, पैसे घेणं ही कामं हवा खेळती असेल तर चालतात. दमा असलेल्या माणसाने आपला इनहेलर ड्रॉवरमध्ये नाही, खिशात ठेवावा.

त्रास सुरू झाला असेल तर

आधी वेळा लिहून ठेवायला लागा. खोकला, शिंका, छातीत घुरघुर कधी सुरू होते, रविवारी किंवा गावी गेल्यावर कमी होते का, सोमवारी संध्याकाळी परत वाढते का. सुट्टीत बरं आणि कामावर वाईट, हा नमुना डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. पीक फ्लो मीटर हे छोटं फुंकायचं साधन औषधाच्या दुकानात थोडक्या पैशात मिळतं. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी दर तीन-चार तासांनी फुंकून आकडे लिहिले तर कामामुळे होणारा दमा ओळखायला ती वही मदत करते. आकडे दोन-तीन आठवड्यांचे असावेत आणि दर वेळी तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहावा.

डॉक्टरांकडे गेल्यावर "ऑफिसात काम करतो" असं मोघम सांगू नका. झेरॉक्सच्या बंद दुकानात बारा तास असतो, टोनर हाताने भरतो, सर्व्हिसच्या वेळी तिथेच असतो, एसी आहे आणि एक्झॉस्ट नाही, असं सविस्तर सांगा. नाही तर अॅलर्जीची गोळी मिळते आणि विषय तिथेच संपतो. स्पायरोमेट्री म्हणजे फुप्फुसाची फुंकर तपासणी करून मागा. वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या सरकारी रुग्णालयांच्या छातीच्या विभागात ती होते. ससूनला किंवा जे. जे.ला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, ओपीडीचा केसपेपर काढायलाच रांग असते. आणि वापरत असलेल्या टोनरच्या बाटलीच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.